पार्श्वभूमी : जीपची दुरुस्ती मालकाच्या हाती कशी आली

थार, जिप्सी किंवा महिंद्राची जुनी जीप एमएम 540 घेऊन सह्याद्रीतल्या चिखलवाटांवर जाऊ लागलेल्या प्रत्येकासमोर लवकरच दोन प्रश्न येतात : गाडीची कोणती कामे आपण स्वतः शिकून घ्यायची आणि गाडीत कोणते बदल करायचे. आज हे प्रश्न छंदाचे वाटत असले, तरी आपल्याकडे त्यांची मुळे युद्ध, टंचाई आणि इंधनाचे दर यांत आहेत. भारतात जीपमधले बदल हौसेतून नव्हे, तर दुरुस्तीच्या गरजेतून सुरू झाले, आणि ही परंपरा समजून घेताना हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

सुरुवात 1940 सालच्या अमेरिकेत झाली. सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीसाठी निविदा मागवल्या, तेव्हा अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून पहिला नमुना त्याच वर्षी 23 सप्टेंबरला, ठरलेल्या 49 दिवसांच्या मुदतीत, सैन्याच्या हवाली केला. मात्र बँटमची उत्पादनक्षमता तोकडी असल्याने मोठे काम विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांकडे गेले, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू यांचे सुटे भाग एकमेकींना बसत असत. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी एफ अक्षर ठोकले होते. पण एफ असलेला बोल्ट विलीजमध्ये आणि विलीजचा बोल्ट फोर्डमध्ये बिनदिक्कत चालत असे. दोन नादुरुस्त गाड्यांमधून एक चालती गाडी उभी करता येणे ही युद्धभूमीवरची गरज होती, आणि पुढे हाच गुण सामान्य मालकाच्या कामी आला.

सैन्याने यंत्राबरोबर शिक्षणाचीही सोय केली. गाडी चालवणारा शिपाई बहुधा यंत्रशाळेत शिकलेला नसे, म्हणून तेलपाणी, ग्रीस, टायरमधली हवा आणि सैल झालेले बोल्ट यांची रोजची तपासणी त्याच्याकडून करून घेण्यासाठी पायरीपायरीने लिहिलेल्या पुस्तिका काढण्यात आल्या. विल आयस्नर या चित्रकाराने आधी युद्धकाळात आणि नंतर 1951 पासून निघालेल्या पीएस या सैनिकी मासिकात वीस वर्षे चित्रकथांमधून हेच शिकवले. यंत्र बिघडल्यावर तज्ज्ञाकडे न्यायचे, त्याऐवजी बिघडूच नये म्हणून वापरणाऱ्यानेच रोज त्याच्याकडे पाहायचे, ही शिकवण मला गाडीच्या आराखड्याइतकीच मोलाची वाटते.

युद्धानंतर शिलकी जीप अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या हाती आल्या. डांबरी रस्त्यावर पुढचा आस विनाकारण फिरत राहून झिजू नये म्हणून आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये सोडवता येणारे हब (चाक आसापासून सुटे करणारे भाग) बनवायला घेतले. त्यातूनच पुढे विंचसाठी (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्रासाठी) प्रसिद्ध झालेली कंपनी उभी राहिली. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवर 1953 पासून जीपमालकांचा वार्षिक मेळा भरू लागला आणि तिकडे बदलांना खेळाचे रूप आले.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. 1945 मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीने (1948 पासून महिंद्रा अँड महिंद्रा) सुट्या भागांच्या रूपात आणलेल्या विलीज जीप मुंबईत माझगावला जुळवायला सुरुवात केली आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्यांचे उत्पादन देशातच होऊ लागले. उंच बॉनेटची सीजे-3बी अमेरिकेत 1968 मध्ये बंद झाली. भारतात मात्र तिचाच सांगाडा आणि तिचेच आस घेऊन बनलेल्या गाड्या त्यानंतरही अनेक दशके निघत राहिल्या. पाटबंधारे खाते, वनखाते, साखर कारखाने, बागायतदार अशा सर्वांकडे ती होती. नवी गाडी मिळायला वाट पाहावी लागे आणि परवडणेही कठीण असे, त्यामुळे सैन्याच्या लिलावात निघालेल्या जीप आणि नंतर जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या परवान्याने बनलेल्या जोंगा यांना हमखास गिऱ्हाईक मिळे. अशी गाडी घेणाऱ्याला कंपनीची सेवा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्यातल्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात हिंडून भाग जमवायचे आणि ओळखीच्या मिस्त्रीशेजारी उकिडवे बसून ते बसवायला शिकायचे, हीच तेव्हाची शाळा होती.

या शाळेतला सर्वांत मोठा धडा डिझेल इंजिनाचा होता. सीजे-3बीचे मूळ 2.2 लिटरचे हरिकेन इंजिन पेट्रोलवर चाले. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, डिझेल मात्र सरकारी धोरणामुळे कितीतरी स्वस्त राहिले, आणि ही तफावत 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त होईपर्यंत कमीअधिक प्रमाणात टिकली. साहजिकच पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेल इंजिन बसवण्याचे काम गावोगावच्या गॅरेजांत सुरू झाले. इंजिनाचा तोटा महाराष्ट्रात नव्हता; कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि पुण्याच्या आसपास शेतीपंपांच्या डिझेल इंजिनांवर काम करणाऱ्यांची पिढीच तयार झालेली होती. खरी अडचण जोडणीची असे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारी जाड पोलादी प्लेट लेथवर अशी काढावी लागे, की क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट तंतोतंत एका रेषेत येतील; त्यात केसभर फरक राहिला तरी क्लचचे बेअरिंग आणि ऑइल सील काही महिन्यांत जात.

त्यापुढे एकेक गोष्ट आपोआप मागे लागे. पेट्रोल इंजिन मिनिटाला सुमारे 4,000 फेऱ्यांपर्यंत जाई, तर ट्रॅक्टरच्या किंवा पंपाच्या जातीचे डिझेल इंजिन दोन-अडीच हजारांवर दमून जाई. जीपच्या आसाचे गुणोत्तर 5.38, म्हणजे चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या 5.38 फेऱ्या, असल्यामुळे अशी गाडी चढाला जोरदार, पण सरळ रस्त्यावर फारच मंद होई, म्हणून डिफरन्शियलचा क्राऊन-पिनियन (हे गुणोत्तर ठरवणारी दातेरी जोडी) बदलणे आले. डिझेल इंजिन वजनाने जड, म्हणून पुढच्या पाट्यांत (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत) एखादे पान वाढवणे आले. त्याच्या कंपनांमुळे माउंटिंगची रबरे लवकर फाटत, म्हणून तीही दणकट करावी लागत. एका बदलाचा भार दुसऱ्या भागावर कसा जातो, हे तत्त्व या मंडळींनी पुस्तकात वाचले नव्हते. ते हातांनीच त्यांना शिकवले. कंपनीनेही पुढे हीच गरज ओळखून जीपमध्ये डिझेल इंजिने दिली, त्यात ऐंशीच्या दशकातल्या एमएम 540 चे प्यूजोच्या आराखड्याचे इंजिन सर्वांना ठाऊक आहे.

देखभालीतला दुसरा धडा पुढच्या आसाच्या टोकाला मिळे. जुन्या जीपचे नकल बंद प्रकारचे असते, म्हणजे चाक वळवणारा सांधा एका पोकळ लोखंडी गोळ्याभोवती फिरतो आणि त्याच्या कडेला नमद्याचे सील असते. नदी ओलांडताना झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरते आणि आतले तेल ताकासारखे पांढुरके होते. ते वेळीच काढले नाही, तर किंग पिनची (ज्या खुंटीवर चाक वळते तिची) बेअरिंगे गंजतात आणि स्टिअरिंग थरथरू लागते. ते पुन्हा बांधताना वरखाली पातळ शिम (धातूच्या चकत्या) घालून नकल इतके घट्ट करायचे, की ते ढिले राहणार नाही पण हाताने ओढल्यावर फिरेल. हा अंदाज कुणाला सांगून येत नाही, शेजारी बसून दोन-चार वेळा ओढून पाहिल्यावरच तो येतो. डिझेलच्या लाइनने एअर घेतली, म्हणजे नळीत हवा शिरली, की ब्लीड स्क्रू (हवा सोडण्याचा स्क्रू) सैल करून हातपंपाने ती काढणे, हेही असेच प्रत्येक मालकाला यावे असे काम होते.

1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. ती वजनाला हलकी आणि पेट्रोलवर चालणारी होती, शिवाय तिलाही शिडीसारखी चासी आणि चारही बाजूंना पाटे होते. पाटे आसाखालून काढून आसावर बसवायचे आणि गाडी एकदम उंच करायची, हा बदल तिच्यावर फार झाला. उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून आसाकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे) कोन आणि स्टिअरिंगच्या दांड्यांची रेषा बिघडते, ब्रेकचे नळ ताणले जातात, आणि मोठ्या टायरमुळे ब्रेकवरचा भार वाढतो. ही सगळी कामे न करता नुसती उंची वाढवणाऱ्या गाड्या आजही दिसतात, आणि माझ्या मते सर्वांत धोकादायक त्याच आहेत. 2010 मध्ये थार आली, इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफ-रोड चालकांसाठी प्रशिक्षण केंद्र चालवले, आणि 2014 च्या पावसाळ्यात गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची पहिली भारतीय स्पर्धा झाली. तोवर गरजेतून आलेली ही विद्या खेळाच्याही कामी येऊ लागली होती.

त्यानंतरच्या दहा वर्षांत दोन गोष्टींनी मालकाचा हात आखडला. पहिली कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. पुढे बसवायच्या बुल-बारवर डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. पादचाऱ्यांना होणारी इजा पाहता तो निर्णय योग्यच होता. दुसरी गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सची. कॉमन रेल डिझेलमध्ये (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या इंजिनात) इंधनाचा दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो, त्यामुळे जुन्या सवयीने चालू इंजिनावर नळी सैल करणे जिवावर बेतू शकते. आणि 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष आल्यापासून स्कॅनर (इंजिनाच्या संगणकातले दोष वाचणारे उपकरण) लावल्याशिवाय अनेक दोष कळतच नाहीत.

तरीही आसांमधले तेल, प्रोपेलरच्या क्रॉसचे ग्रीस आणि चाकांची बेअरिंगे ही कामे आजही मालकाच्या आवाक्यातली आहेत, आणि जुन्या क्रमाने देखभालीतून बदल सुचण्याची जागाही इथेच आहे. चालून तापलेले डिफरन्शियल ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाले, की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (आतली हवा ये-जा करण्याचे छिद्र) किंवा सील यांतून पाणी ओढले जाते. म्हणून ब्रीदरच्या तोंडाला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधतात. आधी ड्रेन प्लग उघडून तेलाचा रंग पाहायचा, सील तपासायचे आणि मग ही नळी बसवायची. ती ओढताना चाक पूर्ण खाली लोंबकळले तरी ताणली जाणार नाही इतकी ढिली ठेवावी लागते.