क्रॉफर्ड, हेक्टर

क्रॉफर्ड, हेक्टर : (१४ ऑगस्ट १९१३ – ११ मार्च १९९१). ऑस्ट्रेलियन नभोवाणी व दूरचित्रवाणी निर्माते. जन्म मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात. लहानपणी ते सेंट पॉल कॅथीड्रलच्या गायकवृंदात गात. पुढे वीजमंडळात कारकुनी केली, पण ओढ वाद्यवृंदसंचालनाची होती. १९४० मध्ये ते एका ध्वनिमुद्रण संस्थेत रुजू झाले आणि १९४५ मध्ये थोरली बहीण डोरोथी हिच्यासह त्यांनी स्वतःची निर्मितिसंस्था काढली. तीच पुढची ‘क्रॉफर्ड प्रॉडक्शन्स’. हेक्टर वाहिन्यांशी व्यवहार करीत आणि पैशांचे पाहत. संहिता तपासणे, नटांची निवड व त्यांची तालीम हे डोरोथींचे काम. श्रेय मात्र बहुधा एकट्या हेक्टर यांनाच मिळत आले, हे अन्यायाचेच.

नभोवाणीवर त्यांनी गायिका नेली मेल्बा यांच्या जीवनावरची श्रुतिका केली. मेल्बांची गाणी त्यात ग्लेंडा रेमंड यांनी म्हटली. त्या पुढे हेक्टर यांच्या पत्नी झाल्या. पोलिसांच्या सहकार्याने केलेली ‘डी-२४’ ही श्रुतिकाही गाजली. तिचे नाव मेलबर्न पोलिसांच्या बिनतारी नियंत्रणकक्षावरून घेतले होते. गुन्हेकथेत पोलिसांना विश्वासात घ्यायची सवय इथली, आणि ती पुढे फार उपयोगी पडली.

ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणी १९५६ मध्ये आली. तेव्हा स्थानिक नाट्यमालिकेला कोणी विचारत नव्हते. कारण सरळ होते : अमेरिकेत खर्च आधीच वसूल झालेली मालिका स्थानिक निर्मितीच्या अगदी थोड्या भागात विकत मिळे. १९५६ ते १९६३ या काळात दाखवलेल्या नाट्यकार्यक्रमांपैकी ९७ टक्के आयात केलेले होते, असे सिनेटच्या व्हिन्सेंट समितीने नोंदवले. क्रॉफर्ड यांनी त्याआधीच, १९५९ मध्ये, या प्रश्नावर पुस्तिका काढून राजकारण्यांचे दार ठोठावले होते.

वाहिनीला परवडेल असा खर्च ही पहिली अट होती. ‘कन्सिडर युअर व्हर्डिक्ट’ (१९६१–६४) या मालिकेत बहुतेक सगळे एकाच न्यायालयाच्या नेपथ्यात घडे, आणि नट बरेचसे संवाद उत्स्फूर्तपणे बोलत. त्यामुळे नेपथ्याचा खर्च वाचे आणि अडखळणाऱ्या साक्षीदारालाही खरेपणा येई.

‘होमिसाइड’ या पोलीसमालिकेचा पहिला भाग २० ऑक्टोबर १९६४ रोजी मेलबर्नच्या एचएसव्ही-७ या वाहिनीवर लागला. तिची घडण मिश्र होती. पोलीसचौकी, घरे यांसारखी आतली दृश्ये फिट्झरॉयमधल्या स्टुडिओत अनेक कॅमेऱ्यांनी व्हिडिओफितीवर घेत. पाठलाग, गल्ल्या, गोदी ही बाहेरची दृश्ये १६ मिमी फिल्मवर. मग दोन्ही जोडायची. अडचण जोडावरच येई : फितीचे चित्र सपाट व लख्ख, फिल्मचे दाणेदार, त्यामुळे पात्र दारातून बाहेर पडले की पडद्याचा पोतच बदले. दोन चित्रीकरणांत दिवसांचे अंतर असल्याने टायची गाठ, केसांचा भांग, हातातली टोपी यांची नोंद ठेवावी लागे. एक चूक झाली तरी प्रसंग पुन्हा घ्यावा लागणार, आणि फितीचे संकलन त्या काळी किचकट. शेवटी १९७३ पासून मालिका पूर्णपणे रंगीत फिल्मवर जाऊ लागली. तरीही प्रेक्षक पहिल्यापासूनच जोडला गेला होता. आपल्या ओळखीचे रस्ते आणि आपल्याच बोलीतले पोलीस त्याने पडद्यावर पूर्वी पाहिलेच नव्हते.

पुढे ‘डिव्हिजन ४’ (१९६९–७५) नाइन वाहिनीवर आणि ‘मॅटलॉक पोलीस’ (१९७१–७६) टेन जाळ्यावर आली. तिन्ही व्यापारी जाळ्यांवर एकाच संस्थेची एकेक पोलीसमालिका, ही स्थिती वरकरणी भक्कम, पण तितकीच नाजूक होती. १९७५ मध्ये काही महिन्यांच्या आत तिन्ही मालिका रद्द झाल्या. स्थानिक कार्यक्रमांसाठी कलावंतांनी चालवलेल्या चळवळीचा हा सूड होता, अशी त्या क्षेत्रात बोलवा होती. वाहिन्यांनी ते मानले नाही. सत्य काहीही असो, एकाच प्रकारच्या मालावर संपूर्ण पेढी उभी होती हे खरेच. साठ्यातले भाग असल्याने ‘होमिसाइड’ १९७७ पर्यंत दिसत राहिली.

संस्था तगली ती ‘द बॉक्स’ (१९७४–७७) या टीव्ही स्टेशनवरच्या खट्याळ दैनंदिन मालिकेमुळे, आणि त्याहून जास्त ‘द सलिव्हन्स’मुळे (१९७६–८३). दुसऱ्या महायुद्धातले एक मेलबर्नचे कुटुंब, अर्ध्या तासाचे एक हजाराहून अधिक भाग. ऐतिहासिक काळ रोजच्या मालिकेच्या वेगाने उभा करायचा तर युद्ध बरेचसे पडद्याआड ठेवून रेडिओच्या बातम्या, शिधापत्रिका आणि आघाडीवरून येणारी तार यांवर मोठी भिस्त ठेवणे भाग होते. मालिकेची ताकद त्यातूनच आली. ती ब्रिटनमध्येही दाखवली गेली.

‘द फ्लाइंग डॉक्टर्स’ (१९८५ ची लघुमालिका, मग १९८६ पासून नियमित) हे अखेरचे मोठे यश. तिच्यातले ‘कूपर्स क्रॉसिंग’ हे ओसाड, काल्पनिक गाव म्हणजे व्हिक्टोरियाच्या गहू पिकवणाऱ्या प्रदेशातले मिनयिप गाव. खरा आउटबॅक, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा ओसाड अंतर्भाग, तिथून पुष्कळ लांब. १९८७ मध्ये क्रॉफर्ड यांनी संस्था विकली.

त्याआधी, १९८४ मध्ये, ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीच्या लोगी पुरस्कारांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पहिले नाव त्यांचे आले. सायमन विन्सर आणि ‘द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर’चे (१९८२) जॉर्ज मिलर (‘मॅड मॅक्स’वाले मिलर निराळे) हे दिग्दर्शक चित्रपटात येण्यापूर्वी क्रॉफर्डच्या मालिकांवरच घडले.