पट्ट्या इथे, आवाज तिथे : डिजिटल पियानो आणि साउंड मॉड्यूलमागचा इतिहास

रोलँड या जपानी वाद्यकंपनीने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड विकायला काढला, तेव्हा त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. ऑर्केस्ट्रात किंवा मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत पॅड ऐकत वाढलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी विश्वासच ठेवत नाही. पण तो ‘पॅड ८’ म्हणजे नुसते आठ रबरी चौकोन होते. काडी कुठे पडली आणि किती जोरात पडली, एवढंच तो मागच्या तारेतून कळवायचा. त्यातून ढोल काढायचा की झांज, हे तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या यंत्राचं काम. आवाज पोटात घेऊन येणारे पॅड नंतरचे.

डिजिटल पियानोला बाहेरचं साउंड मॉड्यूल, म्हणजे पट्ट्यांविना नुसते आवाज असलेलं खोकं, जोडतात तेव्हा हेच ८८ पट्ट्यांवर घडतं. बोटं इथे, आवाज तिथे. आज हे करायला निघालेल्या माणसाला ज्या अडचणी येतात, म्हणजे दुहेरी आवाज, न जुळणारी सॉकेटं, हाताखाली परका वाटणारा पियानो, त्या जवळपास सगळ्या या जोडणीच्या इतिहासातून आल्या आहेत.

पेटीत पट्टी आणि आवाज वेगळे करता येत नाहीत. पट्टी दाबली की तिच्याच मागची झडप उघडते आणि तिथलीच रीड वाजते. कपलरची पेटी असेल तर एक पट्टी दुसऱ्या सप्तकातली पट्टीही ओढते, पण ती त्याच खोक्यातली. सिंथेसायझर आले तेव्हा पट्टी आणि आवाज यांच्यामध्ये फक्त वीज उरली, आणि वीज तर तारेतून कुठेही नेता येते. अमेरिकेत सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या वाद्यांत हिशेब सोपा होता : सूर एक सप्तक वर चढला की एक व्होल्ट वाढतो. रोलँडने तोच धरला. यामाहा आणि कॉर्ग यांच्या बऱ्याच वाद्यांत मात्र सप्तकागणिक व्होल्ट दुप्पट होत जायचे. त्यामुळे एका घराण्याचा कीबोर्ड दुसऱ्याच्या वाद्याला जोडला तर सूर भलतीकडेच जायचे. शिवाय एका तारेतून एका वेळी एकच सूर. दोन्ही हातांनी वाजवणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

वाट मोकळी केली ती मायक्रोप्रोसेसरने. कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ यांनी १९७८ साली आणलेल्या ‘प्रॉफेट ५’मध्ये कोणत्या पट्ट्या दाबल्या आहेत हे एक चिप सतत तपासत असे आणि पाच आवाज त्या पट्ट्यांना वाटून देत असे. माझ्या मते खरं वळण हेच. कारण आता ‘ही पट्टी दाबली’ ही बातमी वाद्याच्या आत आकड्याच्या रूपात हजर होती. ती बाहेर काढायला फक्त एक दार हवं होतं. दारं निघालीही, पण प्रत्येक कंपनीचं आपापलं. रोलँडचं वेगळं, ओबरहाइमचं वेगळं, सिक्वेन्शियलचं वेगळं.

सगळ्यांचं एक दार असावं हा ध्यास इकुतारो काकेहाशी यांचा. तरुणपणी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या माणसाने १९७२ साली ओसाकात रोलँडची स्थापना केली होती. १९८१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात, ज्याला ‘नॅम’ म्हणतात, त्यांनी टॉम ओबरहाइम यांच्याकडे विषय काढला आणि तिथून तो डेव्ह स्मिथ यांच्यापर्यंत पोचला. स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वूड यांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ऑडिओ अभियंत्यांच्या परिषदेत एक आराखडा मांडला. पुढे यामाहा, कॉर्ग आणि कावाई याही जपानी कंपन्या चर्चेत आल्या. जानेवारी १९८३ मध्ये अॅनाहाइमच्या मेळ्यात सिक्वेन्शियलचा ‘प्रॉफेट ६००’ आणि रोलँडचा ‘ज्युपिटर ६’ एका तारेने जोडून दाखवले गेले. एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांची दोन वाद्यं, आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू येत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियमावली छापून आली : म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस, म्हणजे मिडी. तिच्यासाठी कुणी परवाना-शुल्क मागितलं नाही. स्मिथ आणि काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळाला. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये. आज घरोघरच्या पियानोमागे ही दोन माणसं उभी आहेत, आणि त्यांची नावं आपल्या कीबोर्ड क्लासांत क्वचितच घेतली जातात याचं मला फार वाईट वाटतं.

आता तारेतून नेमकं काय जातं ते पाहू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. जातात ते आकडे. मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली की तीन आकड्यांचा संदेश निघतो : अमुक चॅनलवर सूर सुरू, पट्टी क्रमांक ६०, आणि जोर १ ते १२७ मधला एक. पियानोची सगळ्यात खालची पट्टी २१, सगळ्यात वरची १०८. चॅनल, म्हणजे एकाच तारेतून वेगवेगळ्या आवाजांशी बोलायच्या वाटा, एकूण १६. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. हा विचित्र आकडा आला कारण त्या काळच्या चिपचं १० लाख ठोक्यांचं घड्याळ ३२ ने भागलं की तो मिळतो, जास्तीचा खर्च नाही. एका सुराचा संदेश जेमतेम एका मिलिसेकंदात पोचतो. दहा बोटांचा भरगच्च कॉर्ड पोचायला मात्र सात ते दहा मिलिसेकंद लागतात. पियानो वाजवणारे तेव्हापासून याबद्दल कुरकुरत आले आहेत, आणि त्यात तथ्य आहे.

सॉकेट पाच पिनांचं असलं तरी कामाच्या पिना तीनच. पलीकडच्या यंत्रात एक छोटा दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा भाग असतो. संदेश उजेडाने उडी मारतो, दोन यंत्रांची वीज एकमेकांना शिवत नाही, म्हणून गुणगुण येत नाही. अतिशय शहाणी रचना. फक्त लक्षात ठेवायचं की पियानोच्या ‘आउट’मधून मॉड्यूलच्या ‘इन’मध्ये ही एक तार झाली, तरी मॉड्यूलचा आवाज मिक्सरपर्यंत किंवा स्पीकरपर्यंत न्यायला वेगळ्या ऑडिओ तारा लागतातच.

पट्टी आणि आवाज असे सुटे झाल्यावर कंपन्यांनी वाद्यंच दोन भागांत विकायला सुरुवात केली. प्रत्येक आवाजासाठी नवा कीबोर्ड कशाला घ्यायचा? रोलँडने १९८४ मध्ये ‘मदर कीबोर्ड’ काढले. त्यातल्या ‘एमकेबी १०००’ला वजनदार ८८ पट्ट्या होत्या आणि आवाज शून्य. यामाहाने ‘टीएक्स ८१६’मध्ये तर आपले आठ ‘डीएक्स ७’ सिंथेसायझर पट्ट्यांविना एका रॅकमध्ये बसवले. पण पियानोवाल्यांसाठी खरी गोष्ट १९८६ ची. रोलँडने ‘आरडी १०००’ हा डिजिटल पियानो आणला आणि त्याचंच पोट ‘एमकेएस २०’ या नावाने वेगळ्या खोक्यात विकलं. आवाज आठ, त्यात पियानो तीन. एका वेळी १६ सूर. पेडल दाबून ठेवून दोन्ही हातांनी वरखाली फिरलात की १६ चा कोटा लगेच संपतो आणि सुरुवातीचे सूर गपकन तुटतात. तरीही तो लखलखीत पियानो ऐंशीच्या दशकातल्या पॉप संगीताची ओळख बनला, आणि आजही लोक ते खोकं शोधून विकत घेतात. मला यात वेड दिसत नाही. चांगल्या पट्ट्या वीस वर्षं टिकतात, आवाजाची चव मात्र बदलत राहते. तेव्हा आवाज बदलता यावा आणि हाताला सवय झालेल्या पट्ट्या तशाच राहाव्यात, ही इच्छा अगदी रास्त आहे.

हीच जोडणी करताना पहिल्या दिवशी बहुतेकांना दोन पियानो एकदम ऐकू येतात, एक आतला आणि एक बाहेरचा. मीही पहिल्यांदा तार सदोष आहे असं समजून ती बदलून आणली होती. पट्टी आणि आतला आवाज यांच्यातला दुवा तोडण्यासाठी मिडीत १२२ क्रमांकाचा संदेश आहे, ‘लोकल कंट्रोल’. पियानोच्या मेनूत ‘लोकल ऑफ’ केलं की आतला आवाज गप्प होतो आणि पट्ट्या फक्त बाहेर बोलतात. (पियानो पुन्हा चालू केल्यावर बहुतेक मॉडेलांत हे आपोआप ‘ऑन’ होतं.) मेनूत ही सोय नसेल तर पियानोचा आवाज शून्यावर आणणं हा साधा उपाय आहेच.

१९९१ साली ‘जनरल मिडी’ आलं. त्याआधी पाच नंबरचा आवाज एका मॉड्यूलवर बासरी तर दुसऱ्यावर गिटार असायचा. आता १२८ आवाजांची यादी ठरली, दहावं चॅनल तालवाद्यांना दिलं गेलं आणि रोलँडच्या ‘साउंड कॅनव्हास एससी ५५’ने ती यादी लोकप्रिय केली. त्या यादीत १०५ वर सतार आहे, ११२ वर सनई. तबला नाही. पेटीवाल्याला २१ नंबरच्या रीड ऑर्गनवर भागवावं लागतं. आणि पियानोच्या पट्ट्यांवर १०५ लावली तरी मींड येत नाही, कारण बहुतेक डिजिटल पियानोंना सूर वाकवणारं चाकच नसतं. मॉड्यूलला ती भाषा येते. आपल्या हाताखालच्या वाद्याला बोलता येत नाही. यादीतले आकडे १ पासून असले तरी तारेतून ० पासून जातात, म्हणून कधीकधी शेजारचाच आवाज लागतो, हेही त्याच काळाचं देणं.

मग यूएसबी आलं. १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी पाठवण्याचे नियम ठरले आणि हळूहळू स्वस्त पियानोंच्या मागची पाच पिनांची सॉकेटं गायब झाली. इथे वाजवणाऱ्यांचं खरंच नुकसान झालं. यूएसबीत एक यजमान लागतो आणि एक पाहुणा. पियानोमागचं चौकोनी सॉकेट पाहुण्याचं. मॉड्यूलही यूएसबीचं असेल तर तेही पाहुणंच, आणि दोन पाहुण्यांना सरळ तारेने जोडलं तर कुणीच बोलत नाही. मधे संगणक ठेवा किंवा ‘यूएसबी मिडी होस्ट’ नावाची छोटी डबी घ्या, मॉड्यूलला पाच पिनांचं सॉकेट असेल तर तिच्यातून तशी तार त्याला जाते. पियानो घेताना मागच्या बाजूला ‘मिडी आउट’ लिहिलेलं गोल सॉकेट आहे का हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून बघायला सांगतो.

उरतो तो स्पर्श. पट्टीखाली दोन सेन्सर असतात, अलीकडे तीन. पट्टी एकापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात गेली त्यावरून जोराचा आकडा ठरतो. हा हिशेब प्रत्येक कंपनीचा निराळा, आणि मॉड्यूलचा आवाजही त्याच्या कर्त्यांनी आपल्याच पट्ट्यांवर जुळवलेला असतो. म्हणून परक्या मॉड्यूलवर हळुवार वाजवलेलं एकदम दबून जातं किंवा मधल्या जोरावरच आवाज टोचायला लागतो. पियानोतला ‘टच’ आणि मॉड्यूलमधला ‘व्हेलॉसिटी कर्व्ह’, म्हणजे जोराच्या आकड्याला किती आवाज द्यायचा ते ठरवणारी सोय, फिरवत एक संध्याकाळ घालवावी लागते, त्याला पर्याय नाही. पेडलचंही तसंच. अर्धं दाबलेलं पेडल ओळखणारा पियानो ६४ क्रमांकाच्या संदेशातून ० ते १२७ अशा सगळ्या पायऱ्या पाठवतो, पण अनेक जुनी मॉड्यूलं त्यातली ६४ आणि त्यापुढची पायरी म्हणजे दाबलं, त्याखालची म्हणजे सोडलं, एवढंच जाणतात. अर्धं पेडल तिथे नाहीसं होतं.

जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं. त्यात जोराच्या १२७ पायऱ्यांऐवजी ६५ हजारांहून जास्त पायऱ्या आहेत, आणि दोन यंत्रं आधी एकमेकांना विचारून घेतात की तुला काय काय येतं. समोरून उत्तर आलं नाही तर बोलणं जुन्या पद्धतीनेच सुरू होतं. १९८६ चं ‘एमकेएस २०’ अर्थातच उत्तर देत नाही. त्याच्या पाच पिनांच्या तारेवर आजही मिडी १.० च चालतं, आणि या वर्षी बनलेल्या पियानोवर पांढरी एक दाबली की त्याच्याकडे ६० हाच आकडा जातो.