राजकीय माहितीपट (मुंबई)

सत्ता, आंदोलनं, दंगली, विस्थापन यांना थेट भिडणारे आणि बहुतेक वेळा सरकारी किंवा व्यापारी पैशाशिवाय काढलेले माहितीपट. मुंबईपुरतं बोलायचं तर आनंद पटवर्धन (जन्म १९५०) यांचं काम मध्यभागी ठेवावं लागतं, कारण आणीबाणीपासून अयोध्या, अणुचाचण्या ते रमाबाई नगर इतकी उलथापालथ एकाच माणसाच्या रिळांमधून सलग बघायला मिळते.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण सावे दादांपर्यंत, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांपर्यंत मागे जातात, त्यांनी केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले येऊन परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचं चित्रण केलं होतं (बहुधा डिसेंबर १९०१, काही ठिकाणी १९०२ दिलंय). पण तो वार्तापट झाला, आणि १९४८ पासून फिल्म्स डिव्हिजनचं जे थेटरात पिक्चरच्या आधी लागायचं ते बरंचसं सरकारच्याच बाजूने बोलायचं. त्यामुळे पटवर्धनांच्या ‘क्रांति की तरंगें’पासून सुरुवात धरणं जास्त पटतं. या फिल्मचं साल कुठे १९७४ तर कुठे १९७५ सापडतं. शूटिंग १९७४ च्या, जयप्रकाश नारायणांच्या बिहार आंदोलनाचं असल्यामुळे हा घोळ झाला असावा, पूर्ण फिल्म १९७५ ची धरलेली बरी. सुपर ८ वरचा (घरगुती चित्रणासाठीची छोटी, स्वस्त फिल्म) भाग पडद्यावर लावून तोच परत १६ एमएम कॅमेऱ्याने शूट केला, म्हणून चित्र दाणेदार दिसतं, आणि पुढे आणीबाणीत प्रिंटचे तुकडे करून ती लपवून परदेशात पाठवावी लागली.

‘हमारा शहर’ (१९८५) झोपडपट्ट्या पाडण्यावर आहे. त्यात एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच सुनावते, गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमचं काय? हा सीन कापला नाही, आणि आमच्या मते पूर्ण फिल्मचा प्रामाणिकपणा तिथेच कळतो. याच फिल्ममध्ये शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहाजण गेले, आणि चार दिवसांनी घोगरेंनी गळफास घेतला. त्यानंतर चौदा वर्षं शूटिंग करून ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) झाली आणि त्यात घोगरेंचं ते जुनं चित्रण परत येतं, तोच आवाज, तोच चेहरा, पण आता बघणाऱ्याला पुढचं सगळं माहीत असतं.

अयोध्येवरची ‘राम के नाम’ (१९९२) आणि अणुचाचण्यांवरची ‘जंग और अमन’ (२००२) या दोन्हींसाठी कोर्टात जावं लागलं, पहिली दूरदर्शनवर यावी म्हणून, दुसरीला सेन्सॉरने सांगितलेल्या कटांविरुद्ध. विवेकवाद्यांचे खून आणि वाढता कट्टरपणा यांवरची ‘विवेक’ २०१८ ची.

दाखवायच्या जागा हा वेगळाच प्रश्न. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी भारतीय फिल्मना सेन्सॉर सर्टिफिकेट मागितल्यावर फिल्मवाल्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने स्वतःचा महोत्सव भरवला. ‘जय भीम कॉम्रेड’चा सुरुवातीचा एक शो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाला, फिल्म तीन तासांच्या वर.