तीन क्रियापदांचं मिळून एक ‘इर’

स्पॅनिश शिकायला लागलं की ‘इर’ लवकरच गाठतं. अर्थ साधा, जाणे. पण रूपं पाहावीत तर ‘बोय’ (मी जातो), ‘इबा’ (मी जात असे) आणि ‘फुइ’ (मी गेलो): एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. नसणारच, कारण ती आली आहेत तीन वेगवेगळ्या लॅटिन क्रियापदांतून.

लॅटिनमध्ये जाणे म्हणजे ‘ईरे’. त्याची वर्तमानकाळातली रूपं फारच चिमुकली: ‘एओ, ईस, इत’. बोलीत शब्दांची टोकं झिजायला लागल्यावर त्यांत कानाला पकडता येईल असं फारसं उरेना. मग ‘वादेरे’ हे धट्टंकट्टं क्रियापद पुढे सरकलं आणि त्यातून ‘बोय, बास, बा’ निघाली. तरी जुन्या कॅस्टिलियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, ‘बामोस’ (आपण जातो) सोबत ‘ईरे’पासूनचं ‘इमोस’ही चालायचं, आणि ‘बोय’ नुसतं ‘बो’ होतं. शेवटचा ‘य’ मागाहून का चिकटला, यावर अभ्यासक अजून भांडतात. ‘ईरे’कडे उरलं ते ‘इबा’ आणि भविष्यकाळातलं ‘इरे’.

खरी गंमत ‘फुइ’ची. हे मुळात ‘असणे’चं भूतकाळी रूप. अमुक गावी होतो म्हणजे तिथे जाऊन आलो, हा अर्थ लॅटिनमध्येच रुळू लागला होता. म्हणून आजही ‘फुइ माएस्त्रो’ म्हणजे ‘मी शिक्षक होतो’ आणि ‘फुइ आ माद्रिद’ म्हणजे ‘मी माद्रिदला गेलो’. नवशिके इथे हमखास अडखळतात. स्पॅनिश माणसाला मात्र पुढच्या ‘आ’वरून सगळं कळतं.

मराठी माणसाने यावर नाक मुरडू नये. आपलं ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचं, तर ‘गेलो’ ‘गम्’चं.

डागडुजी अजून चालूच आहे. ‘निघा तुम्ही’ यासाठी व्याकरणाने सांगितलेलं रूप ‘इदोस’, पण स्पेनमध्ये बोलताना ते जवळजवळ कुणी वापरत नाही. सगळे ‘इरोस’च म्हणतात. अखेर 2017 मध्ये स्पॅनिश अकादमीने तेही मान्य केलं, आणि त्यावर बरीच आरडाओरड झाली. अर्जेंटिनात तर ‘तू जा’ म्हणायला ‘इर’चं रूपच वापरात नाही. तिथे ‘अन्दार’, म्हणजे चालणे, यातलं ‘अन्दा’ उसनं घेतात.