पॅटर्न (ओतकाम)

ओतीव भागाचा आकार वाळूत उठवण्यासाठी केलेला लाकडी, धातूचा किंवा रेझिनचा नमुना. वाळू ठासून पॅटर्न काढून घेतला की उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल भागातल्या फौंड्र्यांमुळे कोल्हापुरात पॅटर्न बनवणे हा स्वतंत्र धंदा झाला. उद्यमनगरात एके काळी ऑइल इंजिनाच्या भागांचे काम मोठे होते. आता वाहनांच्या सुट्या भागांचा जोर आहे.

पॅटर्न म्हणजे तयार भागाची हुबेहूब प्रतिकृती, असे समजले जाते. ते खरे नाही. ग्राहकाचे ड्रॉइंग मशिनिंगनंतरचा, म्हणजे यंत्रावर कापून नेमक्या मापाला आणलेला भाग दाखवते. त्यात नसलेले बरेच काही पॅटर्नमध्ये घालावे लागते. थंड होताना करडे बीड (ओतीव लोखंड) साधारण १ टक्का आकसते, अॅल्युमिनियम १.३ टक्के, पोलाद २ टक्के. (बीड कमी आकसते, कारण थिजताना त्यातून वेगळे होणारे ग्रॅफाइट जास्त जागा व्यापते.) समजा बिडाचा भाग ५०० मिमी लांब आहे आणि दोन्ही टोकांना मशिनिंगसाठी ३ मिमी ठेवायचे आहेत. कास्टिंग (ओतलेला कच्चा भाग) ५०६ मिमीचे हवे, म्हणजे पॅटर्न सुमारे ५११ मिमीचा. हा हिशेब दरवेळी करायला नको म्हणून मिस्त्री आकुंचन-पट्टी वापरत. तिच्यावरचे मिलिमीटरच तेवढ्या प्रमाणात मोठे आखलेले असतात. लाकडी मास्टरवरून (मूळ नमुन्यावरून) अॅल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा असेल, तर मास्टरमध्ये दोन्ही धातूंचे आकुंचन धरावे लागते.

उभ्या बाजूंना १ ते ३ अंश उतार देतात, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू ढासळते. आतले कोपरे मेणाने किंवा पुट्टीने गोल करतात. पोकळ भागासाठी साच्यात कोअर, म्हणजे वाळूचा गाभा बसवतात. तो घडवायला कोअर बॉक्स वेगळा करतात आणि साच्यात तो टेकवायला पॅटर्नवर कोअर प्रिंट नावाचे उंचवटे ठेवतात. तयार भागावर या उंचवट्यांचा मागमूसही नसतो. खरे डोके लागते ते वाळूतून काढता यावा म्हणून पॅटर्न कुठे दुभागायचा हे ठरवताना. ती रेषा चुकली की कोअर वाढतात आणि कास्टिंग महाग पडते.

ड्रॉइंग वाचताना प्रक्षेपणाचे, म्हणजे भागाची दृश्ये कोणत्या पद्धतीने मांडली आहेत ते सांगणारे चिन्ह आधी पाहतात. आपल्याकडच्या प्रथम कोन पद्धतीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याखाली काढतात, अमेरिकी तृतीय कोन पद्धतीत ते वर येते. निर्यातीच्या कामात ही गफलत झाली तर उजव्या हाताचा भाग डाव्या हाताचा होऊन बसतो.

लाकडात मुरवलेला सागवान चांगला. तरी कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, म्हणून पॅटर्नला रंग लावतात. आता त्रिमितीय संगणकीय मॉडेलवरून सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रावर पॅटर्न कोरले जातात. आकुंचनाचे गणित संगणक क्षणात करतो, दुभाग रेषा मात्र अजून माणूसच ठरवतो. वाळूचा साचा थेट छापणाऱ्या यंत्रांना पॅटर्न लागतच नाही, पण ती पद्धत मोजक्या नगांपुरतीच परवडते. हजारोंच्या मालाला धातूचाच पॅटर्न घेतात.