त्रैराशिक, रूप आणि ‘रेषीय’ हा शब्द

इ.स. ६२८ मधील एका संस्कृत ग्रंथात एका अव्यक्ताचे, म्हणजे अज्ञात संख्येचे, समीकरण सोडवण्याचा नियम सापडतो. बाराव्या शतकातील बीजगणितात अव्यक्तासाठी ‘या’ आणि सुट्या संख्येसाठी ‘रू’, म्हणजे रूप, अशी अक्षरे दिसतात. बाजारात मात्र त्रैराशिकच, म्हणजे समप्रमाणाचा हिशेबच, चालले. विदर्भात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे फक्त सरकारी यंत्रणेमार्फत होणारी खरेदी, सुरू झाली, तेव्हाही प्रतीचा भाव गुणिले वजन एवढ्यावर भागत असे; रूपाला त्यात जागा नव्हती.

अलीकडच्या हमीभाव खरेदीत ती जागा झाली, कारण भाव ओलाव्यानुसार बदलतो आणि मूळ हमीभाव सुटी संख्या म्हणून उभा राहतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,५२१ रुपये हमीभाव होता. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भावातून एक टक्का कपात होते. म्हणून १० टक्के ओलाव्याच्या मालाला त्या हंगामात सुमारे ७,३७० रुपये मिळत. बारा टक्क्यांपुढे माल परत जातो, म्हणजे रेषा तिथेच संपते, आणि समीकरण कुठवर लागू आहे हे सांगणे मांडणीइतकेच महत्त्वाचे ठरते.

घोळ आहे तो ‘रेषीय’ या शब्दाचा. दहावीचे बीजगणित दोन चलांतील रेषीय समीकरणांनीच सुरू होते. पण हा शब्द आलेखाकडे बोट दाखवतो, तर ‘एकघाती’ हा शब्द चलाचा घात एक आहे, हे सरळ सांगतो. शिवाय उच्च गणितात रेषीय फल (फंक्शन) शून्याला शून्यच देते. त्या अर्थाने ‘भाव गुणिले वजन’ रेषीय आहे, पण त्यातून गाडीभाडे वजा केले की ते रेषीय राहत नाही, जरी आलेख सरळ रेषाच येतो. शालेय पातळीवर ‘एकघाती’ हाच शब्द ठेवायला हवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे, कारण ‘रेषीय’ म्हणजे समप्रमाण असे धरून चालणारा विद्यार्थी नेमके गाडीभाडेच विसरतो.

समजा, खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतो तेव्हा, दारावर ६,९०० रुपये भाव मिळतो, आणि तोच १० टक्के ओलाव्याचा माल हमीभाव खरेदी केंद्रावर नेण्यास गाडीभाडे २,३५० रुपये लागते. मालाचे वजन क्ष क्विंटल धरले, तर ६,९००क्ष = ७,३७०क्ष − २,३५०, म्हणून क्ष = ५. पाच क्विंटलांहून कमी कापूस असलेल्या शेतकऱ्याला, शेजाऱ्याचा माल त्याच गाडीत घेऊन भाडे वाटून घेतल्याखेरीज, केंद्राची वाट परवडत नाही.