कुंडली म्हणू नका

इंग्लंडमध्ये २०२४ पासून १ लाख नवजात बाळांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे शरीराचा सगळा डीएनए-मजकूर, वाचायचा उपक्रम सुरू आहे. अशा बातम्यांना आपल्याकडे हमखास 'जनुकीय कुंडली' हा शब्द चिकटतो, आणि तो मला फार खुपतो. एक तर फलज्योतिषाला विज्ञानाची उसनी झूल मिळते. दुसरं, आईवडिलांपुढचा खरा प्रश्न झाकला जातो. कुंडली एकदा मांडली की मांडली. जीनोमची फाइल तीच राहते, पण तिचा अर्थ बदलत जातो. म्हणून तर ती कुणी, किती वर्षं जपायची हे विचारावं लागतं.

अर्थ बदलतो कसा? विदर्भाला चांगलाच ठाऊक असलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. डीएनएची भाषा चार अक्षरांची: ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाचं प्रथिनात एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी. रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी 'जीएजी' असतं, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. मधल्या 'ए'च्या जागी 'टी' आला की 'जीटीजी', म्हणजे व्हॅलिन. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलिन पाणी टाळतं. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमधलं हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं. एकाला एक रेणू चिकटत लांब दोर तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एवढा उत्पात, फक्त एका अक्षराचा!

आता त्याच शब्दाचं शेवटचं अक्षर बदला. 'जीएए' झालं तरी ग्लुटामिक आम्लच. बहुधा काहीच बिघडत नाही. 'जीएसी' झालं तर अस्पार्टिक आम्ल, तेही भारित, फक्त आकाराने थोडं लहान. हृदयाच्या एखाद्या प्रथिनात असा बदल सापडला तर? नुसतं वाचून सांगता येत नाही. अमिनो आम्ल बदलणारे असे सुमारे १० हजार फरक तुमच्या-माझ्यात प्रत्येकात आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी आहेत. ज्यांचं काही ठरवता येत नाही, त्यांच्यापुढे प्रयोगशाळा 'अर्थ अनिश्चित' असा शेरा मारते. पुढे तोच फरक हजारो धडधाकट माणसांत दिसला की शेरा 'निरुपद्रवी' होतो. एकाच आजाराच्या अनेक घरांत दिसला की 'रोगकारक'. जागतिक साठ्यांत भारतीय जीनोम कमी, त्यामुळे आपल्या मुलांच्या अहवालात अनिश्चिततेचा शेरा जास्त येतो. जीनोमइंडिया प्रकल्पाने वाचलेल्या १० हजार भारतीयांच्या जीनोमचं मोल इथे कळतं. मुलाची फाइल जपलेली असेल तर काही वर्षांनी ती नव्या माहितीच्या उजेडात पुन्हा वाचता येते. टाकून दिली असेल तर शेरा तसाच लटकत राहतो.

तरीही पालक बिचकतात, आणि त्यांचं चुकत नाही. नवजात बाळांची जनुकं वाचणाऱ्या बोस्टनच्या बेबीसेक प्रकल्पात विचारलेल्या दर १०० कुटुंबांमागे जेमतेम ७ सहभागी झाली. कुणाला वेळ नव्हता, कुणाला निकालाची धास्ती, कुणाला गोपनीयतेची आणि विम्याची. विम्याची भीती खरी आहे: जनुकीय भेदभावाविरुद्धचा अमेरिकेचा २००८ चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरतं संरक्षण देतो, आयुर्विम्याला तो लागू नाही. टेक्सासमध्ये तर बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे वाळलेले ठिपके सरकारने पालकांना न विचारता वर्षानुवर्षं ठेवले. पालक कोर्टात गेले, २००९ मध्ये तडजोड झाली आणि ५० लाखांहून जास्त नमुने नष्ट करावे लागले. संशोधनाचा केवढा ठेवा गेला! आधी विचारलं असतं तर बरेच जण 'हो' म्हणाले असते, असं मला मनापासून वाटतं.

बोस्टनमध्येच एका बाळात बीआरसीए२ जनुकातला धोकादायक बदल सापडला. त्याने स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग व्हायचा धोका वाढतो, पण मोठेपणी. आणि प्रकल्पाचा नियम होता, फक्त बालपणीचे आजार कळवायचे. मात्र असा बदल बहुधा आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला असतो. निकाल दडवला तर त्या पालकालाही स्वतःचा धोका कळणार नव्हता. संशोधकांनी नियम बदलला आणि आईवडिलांना सांगितलं.

इंग्लंडच्या उपक्रमात मूल १६ वर्षांचं झालं की पुढे सहभागी राहायचं का, हे त्यालाच विचारणार आहेत. हे मला पटतं. आपल्याकडे खासगी लॅबमध्ये मुलाची जनुकीय चाचणी करणाऱ्यांनी छापील अहवालासोबत मूळ डेटाची फाइलही मागावी. लॅब तिची प्रत किती वर्षं ठेवणार आणि कुणाला देणार, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी लेखी घ्यावं.